रोमन तलवारींच्या प्रतिकृती

प्राचीन रोमन सैन्यातील तलवारींच्या अवशेषांवरून, शिल्पांवरून व ग्रंथांतील वर्णनांवरून आधुनिक काळात तयार केलेल्या तलवारी. वस्तुसंग्रहालयांतील मांडणी, प्रायोगिक पुरातत्त्वविद्या, चित्रपट व रंगभूमी यांसाठी अशा प्रतिकृती बनविण्यात येतात. तथापि त्यांची मोठी मागणी यूरोप-अमेरिकेतील हौशी इतिहास-पुनर्दर्शक मंडळांकडून येते. या मंडळांचे सभासद रोमन सैनिकाचा वेश, चिलखत व शस्त्रे धारण करून त्याची कवायत, छावणीतील दिनक्रम आणि युद्धतंत्र प्रेक्षकांसमोर सादर करतात. भिंतीवर टांगण्याची शोभेची तलवार आणि अभ्यासपूर्वक घडविलेली प्रतिकृती या दोन्ही वस्तू बाजारात एकाच नावाने विकल्या जातात. त्यांतील भेद ओळखण्यासाठी मूळ तलवारींचे ज्ञान आवश्यक असते.

मूळ नमुने : लॅटिन भाषेत ‘ग्लॅडिअस’ हा शब्द तलवार या सर्वसाधारण अर्थाने वापरलेला आढळतो. आधुनिक लेखनात मात्र तो पायदळाच्या आखूड, सरळ व दुधारी तलवारीस रूढ झाला आहे. प्रजासत्ताकाच्या काळातील रोमन पायदळाने ही तलवार इबेरियातील लोकांकडून उचलली, असे प्राचीन लेखक सांगतात व तिला ‘ग्लॅडिअस हिस्पॅनिएन्सिस’ (स्पेनची तलवार) असे नाव होते. तिचे पाते भोसकण्यास उत्तम असून दोन्ही धारांनी जोरदार वारही करता येत असे, असे पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने (इ. स. पू. दुसरे शतक) नमूद केले आहे. इ. स. पू. २०० मध्ये मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपच्या सैनिकांनी या तलवारीने तोडलेले हातपाय व मुंडकी पाहिली, तेव्हा त्यांचा धीर खचला, असा वृत्तांत लिव्हीने दिला आहे. या काळातील नमुने थोडे आहेत. स्लोव्हेनियातील श्मिहेल येथील तलवारी आणि १९८६ मध्ये ग्रीसमधील डेलॉस बेटावर म्यानासह सापडलेली तलवार हे त्यांपैकी महत्त्वाचे होत. त्यांची पाती साधारणतः ६० ते ६८ सेंमी. लांबीची आहेत, म्हणजे पुढील काळातील ग्लॅडिअसपेक्षा ती बरीच लांब होती. ‘रोमन तलवार आखूडच असते’ ही समजूत या नमुन्यांनी दूर केली असली, तरी हौशी मंडळांत ती अद्याप टिकून आहे.

सम्राट ऑगस्टस व टायबीरिअस यांच्या काळातील तलवारींना जर्मनीतील माइन्त्स या स्थळावरून ‘माइन्त्स’ प्रकार असे नाव मिळाले आहे. पाते सु. ४० ते ५५ सेंमी. लांब, मुठीजवळ ५·५ ते ७·५ सेंमी. रुंद, मध्यभागी किंचित आवळलेले आणि शेवटी लांबट अणी असलेले असते. काही नमुन्यांत अणीचीच लांबी २० सेंमी.पर्यंत भरते. माइन्त्स येथे १८४८ मध्ये सापडलेली व पुढे १८६६ मध्ये ब्रिटिश म्यूझीयमला मिळालेली तथाकथित ‘टायबीरिअसची तलवार’ ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध होय. तिच्या म्यानावरील उठावदार पत्र्यात टायबीरिअस हा ऑगस्टसला विजयदेवतेची मूर्ती अर्पण करताना दाखविला आहे. लंडनजवळ फुलम येथे टेम्स नदीत मिळालेली तलवारही याच प्रकारातील असून तिच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर निघाल्या आहेत.

इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यानंतर ‘पाँपेई’ प्रकार प्रचारात आला. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडलेल्या तलवारींवरून त्यास हे नाव पडले. त्या तलवारींचा पद्धतशीर अभ्यास ग्यूंटर उल्बर्ट या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. या प्रकारात पात्याच्या दोन्ही धारा समांतर असतात, अणी आखूड व त्रिकोणी असते, लांबी सु. ४२ ते ५० सेंमी. आणि रुंदी ४ ते ५·५ सेंमी. असते. सरळ रेषांमुळे कारागिराला हे पाते करण्यास सोपे जाते. बाजारातील बहुसंख्य प्रतिकृती याच प्रकारच्या असतात, त्याचे एक कारण हेच होय.

घोडदळाची लांब तलवार ‘स्पाथा’ या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून पायदळानेही तिचा स्वीकार केला आणि तिसऱ्या शतकात आखूड तलवार जवळजवळ मागे पडली. डेन्मार्कमधील नीडाम, व्हीमोस व इलेरूप येथील दलदलींत देवतांना अर्पण केलेल्या शस्त्रांत अशी शेकडो रोमन पाती मिळाली असून त्यांतील काहींवर कारागिरांचे ठसे आहेत. ब्रिटनमधील व्हिंडोलांडा या ठाण्यात २०१७ मध्ये घोडदळाच्या निवासांतून दोन तलवारी निघाल्या व त्यांबरोबर मुलांच्या लाकडी खेळण्यांतील तलवारीही सापडल्या. २०२३ मध्ये इझ्राएलमधील एन गेदीजवळच्या एका गुहेत चार तलवारी मिळाल्या. त्यांपैकी तीन स्पाथा प्रकारच्या आहेत. कोरड्या हवेमुळे त्यांच्या लाकडी मुठी व म्याने शाबूत राहिली आहेत. लाकूड आणि कातडे सामान्यतः कुजून जाते, त्यामुळे प्रतिकृती करणाऱ्यांच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा ठरला.

मूठ व म्यान : मूठ तीन भागांची असते. हाताच्या पुढे लाकडाचा अर्धगोलाकार किंवा लंबगोल रोध, त्याच्या खालच्या बाजूस बसविलेली पितळी चकती. मध्ये हाडाची, लाकडाची वा हस्तिदंताची पकड. आणि मागे लाकडी गोळा. पकडीवर चार बोटांसाठी चार खाचा असतात व तिचा छेद बहुधा षट्‌कोनी किंवा अष्टकोनी असतो. स्वित्झर्लंडमधील व्हिंडोनिसा येथे हाडाच्या अशा पकडी मिळाल्या असून त्या गुराच्या पायाच्या नळीपासून केलेल्या आहेत. राइनगोनहाइम येथील एका तलवारीची लाकडी मूठ चांदीच्या पत्र्याने मढविलेली आहे. पात्याची निमुळती शेपटी या तिन्ही भागांतून आरपार जाते आणि गोळ्याच्या वर काढून, एका लहान धातूच्या बोंडावर ठोकून पसरविली जाते. संपूर्ण मूठ या एका ठोक्यावर टिकून राहते. मूळ पकडी आधुनिक माणसाच्या पंजाला तोकड्या वाटतात, म्हणून अनेक कारखाने त्या लांबवितात. परंतु पकड तोकडी असल्यामुळेच हात रोध व गोळा यांच्यामध्ये घट्ट अडकतो आणि भोसकून पाते परत खेचताना तलवार निसटत नाही. पकड लांब केली, की हा गुण नाहीसा होतो.

म्यान लाकडी फळ्यांचे, वरून कातडे चढविलेले व कडांना पितळी पन्हळ बसविलेले असे. काही पत्र्यांवर कल्हई केलेली आढळते. म्यानाला चार कड्या असतात. पट्ट्याला किंवा खांद्यावरील पडदळ्याला त्या नेमक्या कशा जोडल्या जात, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. साधा सैनिक तलवार उजव्या बाजूस व सेंच्युरिअन डाव्या बाजूस बाळगीत असे, असे शिल्पांवरून दिसते. जोसीफसने पायदळाच्या सैनिकाची लांब तलवार डाव्या बाजूस असल्याचे लिहिले आहे, ते या पुराव्याशी जुळत नाही. उजव्या बाजूची तलवार उजव्याच हाताने उपसणे अशक्य, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई. मूठ उलट्या पंजाने धरून ती सरळ वर ओढल्यास शेजाऱ्याला किंवा स्वतःच्या ढालीला न अडता तलवार बाहेर येते, हे हौशी मंडळांनी प्रतिकृती वापरून असंख्य वेळा दाखविले आहे. मात्र हा प्रयोग लांब पात्याने जमत नाही.

इतिहास : रोमन शस्त्रांच्या प्रतिकृती करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. माइन्त्स येथे १८५२ मध्ये स्थापन झालेल्या रोमन-जर्मन मध्यवर्ती संग्रहालयात लूटव्हिख लिंडनश्मिट याच्या देखरेखीखाली यूरोपभरच्या संग्रहांतील वस्तूंचे रंगविलेले प्लॅस्टरचे साचेबंद नमुने तयार होऊ लागले. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनने सीझरच्या मोहिमांच्या अभ्यासासाठी आलेझिया येथे १८६१–६५ मध्ये उत्खनन करविले आणि व्हेर्शेर द रेफी या तोफखान्यातील अधिकाऱ्याकडून रोमन युद्धयंत्रे व फेकीची अस्त्रे बनवून घेतली. ती प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आली, हे विशेष. जर्मनीतील साल्बुर्क येथील रोमन किल्ल्याची विसाव्या शतकाच्या आरंभी पुनर्बांधणी झाली व तेथेही असे प्रयोग होत राहिले.

आजच्या हौशी चळवळीचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. नॉर्दंबरलंडमधील कॉर्ब्रिज येथे १९६४ मध्ये मिळालेल्या साठ्यावरून पट्ट्यापट्ट्यांच्या रोमन चिलखताची रचना प्रथमच उलगडली. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे अभ्यासक एच्. रसेल रॉबिन्सन यांनी ते चिलखत बनवून दाखविले व १९७५ मध्ये रोमन चिलखतांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्लॉस्टरशर परगण्यात १९७२ मध्ये एका ग्रामोत्सवाच्या निमित्ताने ‘एर्माइन स्ट्रीट गार्ड’ हे मंडळ स्थापन झाले. रॉबिन्सन यांच्या संशोधनाचा त्याने कसोशीने पाठपुरावा केला, आणि अनेक वर्षे सभासद आपली शस्त्रे स्वतःच घडवीत असत. जर्मनीत मार्कुस युंकेलमान याने १९८५ मध्ये सहकाऱ्यांसह संपूर्ण रोमन सरंजामानिशी व्हेरोना ते आउग्सबुर्ग अशी आल्प्स ओलांडणारी पदयात्रा केली. बाजू बदलून शस्त्र टांगल्याने चालीत काय फरक पडतो, पट्टा कोठे काचतो, यांसारख्या बाबी अशा यात्रांतूनच समजल्या. ब्रिटनमधील पीटर कॉनोली याने चित्रकार व कारागीर या दुहेरी भूमिकेतून बरेच काम केले. रोमन सैनिकी साहित्याविषयीची विद्वत्परिषद १९८३ पासून भरत असून तीत संशोधक व हौशी कारागीर एकत्र बसतात.

निर्मिती : रोमन लोहार लहान भट्टीतून निघालेल्या लोखंडाच्या गोळ्यापासून सुरुवात करी. त्यात धातुमळी मिसळलेली असे व कार्बनाचे प्रमाण जागोजागी बदलत असे. म्हणून तो गोळा वारंवार तापवून, ठोकून व घडी घालून शुद्ध करावा लागे. पुष्कळ पाती लोखंड व पोलाद यांचे थर एकत्र ठोकून जोडून केलेली आढळतात. जॅनेट लँग यांनी १९८८ मध्ये काही रोमन तलवारींचे धातुरचनेचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यावरून काही पात्यांना पाणी देऊन ती कठीण केली होती, तर काहींना तसे केलेले नव्हते, हे स्पष्ट झाले. सर्व रोमन तलवारी सारख्याच उत्तम असत, असे म्हणता येत नाही. पीळ दिलेल्या गजांचे थर जोडून केलेली नक्षीदार पाती दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत दिसू लागतात. इंग्लंडमधील साउथ शील्ड्झ येथील तलवार याच पद्धतीची असून तिच्या पात्यात मार्स देवता व गरुड यांच्या आकृती पिवळ्या धातूने जडविल्या आहेत. या नक्षीची दक्षिण भारतातील मुशीत बनविलेल्या पोलादाशी (वुट्झ) गल्लत करण्यात येते. मुशीतील पोलादातील लहरी धातू थंड होताना आपोआप उमटतात. रोमन पात्यावरील नक्षी लोहाराने जोडकामातून आणलेली असते. ‘दमास्कस’ या एकाच शब्दाने दोन्ही विकल्या जातात, हा व्यापाऱ्यांनी पसरविलेला गोंधळ होय.

आधुनिक कारागीर एकजिनसी कार्बनी किंवा स्प्रिंगचे पोलाद वापरतो. कार्बनाचे प्रमाण बहुधा ०·५ ते ०·८ टक्के असते. पट्टीला ऐरणीवर आकार देऊन, किंवा नुसती घासून, पाते काढतात. नंतर ते लाल तापवून तेलात विझवितात आणि पुन्हा मंद तापवून पाणी उतरवितात, म्हणजे ते ठिसूळ राहत नाही. शोभेच्या स्वस्त तलवारी गंजरोधी पोलादाच्या असतात. लांब पात्यांच्या बाबतीत हे पोलाद आघाताला टिकत नाही व पाते मुठीजवळ मोडते. भारतातील देहरादून व मीरत येथील कारखान्यांतून रोमन तलवारी, शिरस्त्राणे व चिलखते मोठ्या प्रमाणावर निर्यात होतात. त्यांच्या किमती आवाक्यातल्या असल्यामुळे १९९० नंतर यूरोप-अमेरिकेत सामान्य उत्पन्नाच्या माणसालाही सैनिकाचा संपूर्ण साज घेणे शक्य झाले. आरंभीच्या मालात नमुने छायाचित्रांवरून घेतलेले असत व चुकाही पुष्कळ होत. पुढे ग्राहक मंडळांनी रेखाचित्रे व मोजमापे पुरविल्यावर दर्जा सुधारत गेला.

वजनाचा प्रश्न : प्रतिकृतींतील सर्वांत मोठा दोष वजनाचा असतो. रोमन पात्याचा छेद बहुधा चौकटच्या आकाराचा असतो. मध्ये कणा व दोन्ही बाजूंना धारेपर्यंत उतरती पाठ. ४·५ सेंमी. रुंद व कण्याजवळ ५·५ मिमी. जाड अशा पात्याचा छेद सु. १·२ चौ. सेंमी. भरतो, आणि ४५ सेंमी. लांबीचे पाते अणीसह सु. ४०० ग्रॅ. वजनाचे होते. मूठ धरून तलवार ७०० ग्रॅ.च्या आत राहते. आता हेच पाते सपाट पट्टीचे ठेवून फक्त कडा घासल्या, तर लांबी, रुंदी व जाडी यांची मापे तीच राहून वजन ६०० ग्रॅ.च्या पुढे जाते. सूचीपत्रातील मापे संग्रहालयातील मापांशी तंतोतंत जुळतात, तलवार मात्र लोखंडी पहारीसारखी हातात येते. शिवाय मूळ पाते पुष्कळदा अणीकडे पातळ होत जाते. प्रतिकृतीत जाडी अखेरपर्यंत सारखी ठेवल्यास भार पुढे सरकतो आणि मनगट थकते. रोमन सैनिक असामान्य बळाचे असत, किंवा ग्लॅडिअसने फक्त भोसकताच येत असे, यांसारखी अनुमाने काही प्रमाणात अशा बोजड प्रतिकृतींतून निघाली आहेत. पॉलिबिअस व लिव्ही यांची साक्ष याच्या विरुद्ध आहे, आणि योग्य वजनाच्या प्रतिकृतींनी केलेल्या चाचण्यांतही पाते उत्तम कापते. धार न मारता वारावरून निष्कर्ष काढणे हाही असाच एक प्रमाद होय.

मूळ वस्तूंचे वजन घेऊन हा प्रश्न सुटत नाही. पुष्कळ तलवारी म्यानात गंजून एकजीव झालेल्या असतात, अन्य तलवारींची धार गंजाने खाल्लेली असते. उरलेल्या धातूचे वजन हे मूळ वजनापेक्षा कमी आणि गंजासकट घेतलेले माप मूळ मापापेक्षा जास्त असते. क्ष-किरण छायाचित्रांवरून पात्याची खरी रूपरेषा काढावी लागते. याखेरीज एक चक्राकार दोष संभवतो. संग्रहालय आपल्या दालनात प्रतिकृती मांडते, पुस्तकात तिचे छायाचित्र छापले जाते, दुसरा कारागीर त्या छायाचित्रावरून आपली तलवार करतो, आणि पहिल्याने अंदाजाने भरून काढलेला तपशील दोन-तीन पिढ्यांनंतर पुरावा म्हणून पुढे येतो. मुठीचा घाट आणि म्यानाच्या कड्यांची मांडणी यांबाबत असे घडण्याचा संभव अधिक असतो. जबाबदार निर्माते म्हणून आपण कोणत्या वस्तूवरून काम केले व कोणता भाग कल्पनेने पुरा केला, हे लेखी कळवितात. अशी टीप नसलेली प्रतिकृती अभ्यासाला उपयोगी नाही. ती केवळ वेशभूषेचा भाग ठरते.

वापर व सुरक्षितता : प्रेक्षकांसमोर वापरावयाच्या तलवारीची धार सु. २ मिमी. जाड ठेवून गोल करतात व अणीही बोथट करतात. मध्ययुगीन लढायांच्या हौशी मंडळांत मुक्त द्वंद्वे होतात. रोमन मंडळे ती बहुतांशी टाळतात, कारण रोमन पद्धतीत ढालीआडून चेहरा, मान व पोट यांवर भोसकणे हाच मुख्य डाव होता व तो बोथट अणीनेही प्राणघातक ठरू शकतो. म्हणून कवायत, रांगेने पुढे सरणे, ढालींचे कवच करणे व खुंटावरील सराव यांवर भर असतो. खुंटावरील सरावाची कल्पना प्राचीनच आहे. नव्या सैनिकांना दुप्पट वजनाच्या लाकडी सोट्यांनी व वेताच्या ढालींनी शिकवीत, असे व्हेजीशिअसने सांगितले आहे. जर्मनीतील ओबरआडेन येथे लाकडी सरावाचे शस्त्र मिळालेही आहे. वापरण्यापूर्वी मूठ तपासणे ही या मंडळांतील पहिली शिस्त होय. शेपटी पूर्ण लांबीची व ठोकून पसरविलेली असावी. स्वस्त मालात पात्याला आखूड तुकडा जोडून त्यावर आटे पाडतात व चाकी बसवितात. हा जोड प्रथम सुटतो आणि पाते प्रेक्षकांत जाते.

ब्रिटनमध्ये २००८ साली ५० सेंमी. व त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली, परंतु पुनर्दर्शनाच्या कार्यक्रमांना सूट देण्यात आली. रोमन तलवारी सरळ असल्याने त्यांवर या बंदीचा परिणाम झाला नाही. मात्र सार्वजनिक जागी पाते बाळगण्यास योग्य कारण दाखवावे लागते, त्यामुळे सभासद तलवारी गुंडाळून नेतात.

खोट्या प्राचीन वस्तू : आम्ले व मीठ लावून, जमिनीत पुरून कृत्रिमपणे गंजविलेल्या प्रतिकृती अस्सल म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. प्राचीन लोखंडात धातुमळीचे तंतू असतात व मँगॅनीज अत्यल्प असते. आधुनिक पोलाद एकजिनसी असून त्यात मँगॅनीज हेतुतः घातलेले असते. पात्याचा सूक्ष्म छेद किंवा साधे रासायनिक पृथक्करण यांवरून फसवणूक उघड होते, परंतु खरेदीदार बहुधा ही परीक्षा पैसे दिल्यानंतर करतो. म्हणून काही कारागीर आपले चिन्ह व वर्ष पात्याच्या शेपटीवर न उमटविता मुठीच्या लगत, सहज दिसेल असे कोरतात. शेपटीवरील ठसा मूठ न काढता दिसत नाही.